स्वतःच्या फॉन्टमध्ये ₹ घालायचाय, पण आत्याच्या वहीत तो नाहीच

वेलांटी

मंडळी, गेले चार महिने एक उद्योग चालू आहे. माझ्या आत्याचं अक्षर आमच्या घरात कौतुकाचा विषय. तिच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या स्कॅन केल्या आणि त्या अक्षरावरून देवनागरी फॉन्ट करायला घेतला. रेखाटन इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बाकी सगळं फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. स्वर, व्यंजनं, मात्रा, बऱ्यापैकी जोडाक्षरं आणि ० ते ९ झाले. आता चलनचिन्हांपाशी गाडी रुतलीय.

वह्या १९८०च्या दशकातल्या. ₹ आला २०१० साली. आत्याने सगळीकडे 'रु.' लिहिलंय, त्यामुळे नमुना म्हणून समोर ठेवायला काहीच नाही. मग दुसऱ्या एका फॉन्टमधला ₹ उचलून चिकटवून पाहिला. लिमलेटच्या गोळ्यांत एक खिळा पडावा तसा दिसतो. इतका सरळ, इतका टोकदार.

दुसरं म्हणजे, एका जुन्या लेखात वाचून मी तो बॅकटिकच्या जागी ठेवला होता, म्हणजे की-बोर्डवर १ च्या डावीकडे जे ` असतं तिथे. माझ्या संगणकावर झकास. बहिणीला मजकूर पाठवला तर तिला दिसलं `५००. ती विचारते, हे काय, पाचशेला डास चावला का?

तिसरा प्रश्न: $ € £ पण घालायचे का? आत्याने आयुष्यात एकही डॉलर लिहिलेला नाही.

---

पिक्सेलपुराण

आधी तो डास मारू.

बॅकटिकच्या खोलीत रुपयाचं चित्र टांगलं तरी मजकुरात साठतो तो बॅकटिकच. तुमचा फॉन्ट नसलेल्या कुणालाही तोच दिसणार. शोध घेताना, मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पीडीएफमधून कॉपी करताना, सगळीकडे तोच. त्या लेखाला दोष देऊ नका, तो त्याच्या काळाचा असावा. १५ जुलै २०१० ला चिन्ह मंजूर झालं आणि युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक) ६.० आवृत्तीत ते आलं ऑक्टोबर २०१० मध्ये. त्या मधल्या काळात आणि नंतरही बरेच दिवस बॅकटिकवर रुपया काढलेले फॉन्ट फिरत होते. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता आहे.

₹ ची युनिकोडमधली हक्काची जागा, म्हणजे क्रमांक, २०बी९ (20B9; या क्रमांकांत इंग्रजी अक्षरंही येतात). फॉन्टफोर्जमध्ये एन्कोडिंगच्या मेनूतून फॉन्ट पूर्ण युनिकोडच्या मांडणीत आणा म्हणजे ती चौकट दिसेल. चित्र तिथे हलवा. ग्लिफ इन्फो (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधलं एका अक्षराचं चित्र) उघडून युनिकोड व्हॅल्यू बरोबर आहे ना ते बघा, आणि ग्लिफचं नाव 'युनि' या इंग्रजी अक्षरांना २०बी९ जोडून ठेवा. नाव 'माझारुपया' वगैरे ठेवू नका, काही पीडीएफ वाचक नावावरूनच अक्षर ओळखतात. आणि बॅकटिकच्या जागी बॅकटिक परत ठेवा, बिचाऱ्याचं घर आहे ते.

फसायची एक जागा: २०ए८ वर ₨ बसलेला आहे. तो रुपयाचं जुनं इंग्रजी लघुरूप, ₹ नव्हे. युरोचीही तीच गंमत. २०ए० वर ₠ आहे, ते युरोच्या आधीच्या युरोपीय चलन-एककाचं चिन्ह. खरा € २०एसी वर, तो १९९८ साली युनिकोडच्या २.१ मध्ये आला. यादीत वरून खाली येताना पहिला सी-सारखा आकार दिसला की लोक तिथेच युरो काढून मोकळे होतात.

---

अनुस्वार

₹ देवनागरीच्या गटात नाही हे मला आजच कळलं! मी तो ०९००च्या आसपास शोधत बसलो असतो.

---

पिक्सेलपुराण

@अनुस्वार, बहुतेकांची तीच समजूत असते. देवनागरीचा गट ०९०० ते ०९७एफ. ₹ मात्र २०ए० ते २०सीएफ या चलनचिन्हांच्या गटात, लिरा-रुबल-बिटकॉइनच्या पंगतीला. बंगाली टाका, तमिळ आणि गुजराती रुपयाची जुनी चिन्हं, थाई बाट हे मात्र आपापल्या लिपीच्या गटात राहतात. इतिहासात जो जिथे बसला तिथेच राहिला.

---

खिळेजुळव्या

हातात खिळे (छापखान्यातले धातूचे टाइप) धरून कंपोझ केलेला माणूस आहे मी, म्हणून जरा वेगळ्या बाजूने बोलतो.

चलनचिन्ह दिसतं अक्षरासारखं पण ते आकड्यांच्या कुटुंबातलं. ₹ च्या शेजारी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आकडा येणार. तेव्हा तो काढताना आत्याबाईंचा 'र' समोर ठेवू नका, त्यांचा २, ५ आणि ० समोर ठेवा. उंची आकड्यांची, तळ आकड्यांचा, जाडी आकड्यांची किंवा किंचित कमी.

रुंदीही आकड्यांचीच. आमच्या केसमध्ये आकड्यांचे सगळे खिळे एका रुंदीचे असत, बहुधा अर्ध्या एमचे (एम म्हणजे टाइपाच्या उंचीएवढी रुंदी). तक्ता लावताना एकाखाली एक रकाना सरळ यायचा तो त्यामुळे. ₹ त्याच रुंदीत बसवला तर बेरजेच्या रकान्यात तो लुडबुड करत नाही.

---

वेलांटी

खिळेजुळव्या काका, हे डोक्यातच नव्हतं. पण आत्याचे आकडे एका रुंदीचे नाहीत हो. १ ची रुंदी ३१०, ४ ची ५२०, ९ ची ४९० (एमचे १००० भाग, म्हणजे एककं, धरून). हाताने लिहिलेलं आहे, तसंच हवंय.

---

खिळेजुळव्या

मग हिशेबाच्या वहीतून काढलेल्या फॉन्टने हिशेब लिहायचाच नाही का?

---

रेघोट्या

इथे मी काकांशी असहमत. हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये सगळे आकडे ५०० च्या डब्यात कोंबले तर १ च्या दोन्ही बाजूंना मैदान पडतं आणि हाताची सगळी लय जाते. दोन्ही हवं असेल तर सोय आहे: मूळ आकडे जसेच्या तसे, आणि समरुंद आकड्यांचा दुसरा संच 'टीनम' या ओपनटाइप सुविधेखाली. तक्ता करणारा ती चालू करेल. तसं केलंत तर ₹ चाही समरुंद जुळा त्यात घाला. हा जुळा लोक हमखास विसरतात. मग आकडे ओळीत आणि रुपया एकटाच तिरका उभा.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. तुम्ही ₹ र वरून काढलात तर शिरोरेषेचा सापळा आहे. देवनागरी अक्षरांची शिरोरेषा चौकटीच्या कडेपर्यंत जाते, कधी जरा बाहेरही, म्हणजे शेजाऱ्याच्या रेषेला मिळते. तीच सवय ₹ ला लावलीत तर त्याची वरची रेघ थेट पुढच्या आकड्यात घुसेल. आकड्याला शिरोरेषा नसते, त्यामुळे ती रेघ लोंबकळत राहते आणि ₹५ हे काहीतरी भलतंच जोडाक्षर वाटतं. दोन्ही बाजूंना ४०-५० एककं मोकळी सोडा. आणि वरची रेघ शिरोरेषेच्या बरोबर उंचीला नको, जरा खाली. तुमची शिरोरेषा कुठे आहे?

---

वेलांटी

शिरोरेषेची वरची कड ६८०. आकडे साधारण ६४० पर्यंत.

---

रेघोट्या

मग ₹ ६४०. विषय संपला.

---

अनुस्वार

एक भन्नाट कल्पना. ₹ काढायचाच कशाला? आत्या 'रु.' लिहितात ना, मग नियम लिहायचा: मजकुरात र, उकार आणि पूर्णविराम एकापाठोपाठ आले की फॉन्टने आपोआप ₹ दाखवायचा. जुने मजकूरही फुकटात सुधारतील!

---

वेलांटी

@अनुस्वार, केला. दहा मिनिटांत झाला, फार खूश होते. मग चाचणीच्या मजकुरात हे वाक्य आलं: 'तेच माझे पहिले गुरु.'

पडद्यावर: तेच माझे पहिले गु₹

काढून टाकला.

---

अनुस्वार

🙈 दंडवत. (नियमाप्रमाणे 'गुरू' दीर्घ लिहिलं असतंत तर वाचला असता, असं आपलं माझं मत.)

---

पिक्सेलपुराण

शुद्धलेखनावर फॉन्ट उभा करायचा म्हणजे वाळूवर किल्ला. तरू, मेरू, कल्पतरू, किती ठिकाणी ऱ्हस्व लिहिणारे भेटतील. शिवाय फॉन्टमधल्या नियमाने फक्त चित्र बदलतं, खाली मजकूर 'रु.' च राहतो. म्हणजे परत बॅकटिकचाच प्रकार, जरा सभ्य कपड्यांत. फारच हौस असेल तर ऐच्छिक जोडणीत ठेवा, जी वापरणारा मुद्दाम चालू करेल तेव्हाच लागते.

---

नुसताच_वाचक

इतके दिवस फक्त वाचतोय, आज न राहवून विचारतो. आत्या आहेत ना?

---

वेलांटी

आहे की, चांगली ठणठणीत.

---

नुसताच_वाचक

मग त्यांनाच काढायला सांगा ना!

---

वेलांटी

...

मी चार महिने तिच्या वह्या भिंगाखाली बघतेय आणि हे मला सुचलं नाही. उद्या जाते.

---

खिळेजुळव्या

😀 जाताना तेच पेन न्या. आणि एक ₹ काढायला सांगू नका. माणूस एकच काढतो तेव्हा चित्र काढतो. आकड्यांसकट पानभर लिहायला लावा. शेवटचे बघा.

---

वेलांटी

जाऊन आले. पेन तेच नाही, पण निबची जाडी जवळपास तीच.

पहिले सात-आठ ₹ अगदी काकांनी सांगितलं तसे, शाळेच्या पाटीवरचे. मग वीसेक रकमा लिहायला दिल्या आणि ती बोलता बोलता लिहायला लागली. तिसऱ्या ओळीपासून हात सुटला. गंमत सांगते: ती आधी गोलाई आणि खालची तिरकी तंगडी एका फटक्यात काढते, आणि दोन्ही आडव्या रेघा शेवटी, वरून. शिरोरेषा शेवटी द्यायची सवय! त्यामुळे दोन्ही रेघा डावीकडून उजवीकडे किंचित चढतात आणि दुसरी पहिलीपेक्षा आखूड. मी काढलेल्या ₹ मध्ये रेघा आधी होत्या, गोलाई त्यांना लटकवलेली. म्हणूनच तो मेलेला दिसत होता.

एकोणिसावा ₹ निवडला. स्कॅन, इंकस्केप, फॉन्टफोर्ज. आता दोन तक्रारी: १) मोठ्या आकारात सुंदर, पण लहान आकारात वरचा भाग काळा गोळा. २) एका ठिकाणी गोलाईच्या आतली पोकळी भरून निघाली, ठोकळा दिसतो.

---

पिक्सेलपुराण

दुसरं आधी, ते सोपं आहे. बाहेरची आणि आतली आकृती एकाच दिशेने फिरत असणार. आतली उलट फिरायला हवी. फॉन्टफोर्जमध्ये आधी रिमूव्ह ओव्हरलॅप, मग करेक्ट डायरेक्शन, मग टोकांवर बिंदू घालायची आज्ञा. याच क्रमाने. तीन वेगळे फटकारे एकावर एक पडलेत, ते आधी एकजीव झाले पाहिजेत.

काळ्या गोळ्याचं गणित करू. रेघेची जाडी किती?

---

वेलांटी

५८. सगळ्या अक्षरांची तीच.

---

पिक्सेलपुराण

₹ ची उंची ६४०, गोलाई साधारण निम्म्यावर मिटते. म्हणजे वरच्या ३२० एककांत तीन आडवे फटकारे: वरची रेघ, मधली रेघ आणि गोलाईचा तळ. तीन गुणिले ५८, १७४. उरले १४६. त्यात दोन फटी, प्रत्येकी ७३.

१००० च्या एमला १२ पिक्सेलमध्ये मांडलं की एक पिक्सेल म्हणजे ८३ एककं. तुमची फट एका पिक्सेलपेक्षा बारीक, म्हणून ती करडी होते आणि बुजते. जाडी ५० केलीत तर फटकारे १५०, उरले १७०, फट ८५. काठावर का होईना, एक पिक्सेल मिळतो. १६ पिक्सेलला एक पिक्सेल ६२.५ एककांचा, तिथे तर ऐसपैस.

जाडी कमी केली म्हणून चिन्ह फिकं दिसणार नाही, घाबरू नका. इतक्या रेघा एकत्र आल्या की डोळ्याला ते आपोआप गडद वाटतं. युरोच्या दोन आडव्या रेघाही बऱ्याच फॉन्टमध्ये अशाच बारीक केलेल्या असतात. ठळक वजनाच्या फॉन्टमध्ये तर डॉलरची उभी रेघ मधून चक्क कापतात, फक्त वर आणि खाली शेंडी ठेवतात, नाहीतर एसची पोटं बुजतात.

---

रेघोट्या

+१. फक्त आडव्या रेघा बारीक करा, तिरकी तंगडी ५६-५८ राहू द्या. नाहीतर ₹ आजारी दिसेल.

---

वेलांटी

आडव्या ५०, तंगडी ५६. काळा गोळा गेला!! पोकळीही उघडली.

आता नवीन. ₹१ मध्ये वरच्या रेघेचं टोक १ च्या गाठीला टेकतंय, म्हणून कर्निंगमध्ये (ठरावीक दोन अक्षरांमधलं अंतर) अधिक २५ दिलं. फॉन्टफोर्जच्या मेट्रिक्स खिडकीत लागतं, प्रत्यक्ष मजकुरात लागत नाही. दोनदा फॉन्ट काढून परत टाकला.

---

पिक्सेलपुराण

कर्निंगचा लुकअप (फॉन्टमधला नियमांचा गठ्ठा) कोणत्या लिप्यांना जोडलाय?

---

वेलांटी

फक्त लॅटिन दिसतंय. मी तिथे काही केलेलंच नाही.

---

पिक्सेलपुराण

तेच. ₹ ची स्वतःची अशी लिपी नसते, युनिकोडच्या लेखी तो सामाईक. शेजारी जी लिपी असेल तिच्यात तो मोडला जातो. शेजारी १ देवनागरी, त्यामुळे ती जोडी देवनागरी म्हणून मांडली जाते आणि तुमचा लॅटिनचा नियम कुणी विचारत नाही. लुकअपला देवनागरीचे दोन्ही टॅग (लिपीच्या ओळखखुणा) जोडा, जुना 'देवा' आणि नवा 'देव२', आणि डिफॉल्टही.

फॉन्ट परत टाकताना आवृत्तीचा क्रमांक वाढवा किंवा चाचणीपुरतं नाव बदला. त्याच नावाचा जुना फॉन्ट कॅशमध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात) बसलेला असतो, आणि माणूस तासभर दुरुस्त झालेली चूक दुरुस्त करत बसतो. हे मी अनुभवाने बोलतोय, एकदा पूर्ण रविवार घालवलाय.

जाता जाता फॉन्ट इन्फोमध्ये ओएस/२ नावाच्या पानावर युनिकोड रेंजेसमध्ये (फॉन्टमध्ये कोणते गट आहेत त्याची यादी) चलनचिन्हांचा ३३ क्रमांकाचा बिट लावून टाका. काही जुनी सॉफ्टवेअर तो बघून ठरवतात की या फॉन्टमध्ये चलनचिन्हं आहेत की दुसरीकडून आणायची.

---

अनुस्वार

थोडं अवांतर. मी फॉन्ट बनवत नाही, पण माझ्या संकेतस्थळावर एक मुक्त परवान्याचा मराठी फॉन्ट आहे. त्यात बाकी अक्षरं नीट आणि ₹ भलत्याच वळणाचा दिसतो. फाइल उघडून बघितली तर ₹ आत आहे!

---

पिक्सेलपुराण

वेबसाठी फाइल छाटताना कुणीतरी फक्त ०९०० ते ०९७एफ ठेवलं असणार, किंवा सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमधल्या) युनिकोड-रेंजमध्ये तेवढंच लिहिलंय. तुम्ही वर केलेला गैरसमज, फक्त दुसऱ्या माणसाने केलेला. रेंजमध्ये २०बी९ घाला, सोबत २००सी-२००डी (अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं) पण आहेत ना बघा, नाहीतर अर्धा र आणि पाय मोडलेली अक्षरं रडतील. गूगल फॉन्ट्सच्या देवनागरी तुकड्यात २०ए८ आणि २०बी९ दोन्ही मुद्दाम घेतलेले असतात.

---

अनुस्वार

तेच निघालं. आणि समजा फॉन्टमध्ये ₹ नसताच, तर मी स्वतः घालून वापरला असता तर चालतं?

---

रेघोट्या

परवाना वाचून. सिल ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर बदल करायला मोकळीक आहे, पण बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली राहतो, एकटा विकता येत नाही, आणि मूळ कर्त्याने नाव राखीव ठेवलं असेल तर तुमच्या आवृत्तीला दुसरं नाव द्यावं लागतं. विकतच्या फॉन्टमध्ये बहुतेक वेळा हात घालायचीच परवानगी नसते. आणि वेलांटीताईंनी सुरुवातीला केलं तसं एका फॉन्टमधला ₹ उचलून दुसऱ्यात चिकटवणं, ते घरी पाहण्यापुरतं ठीक.

---

वेलांटी

कबूल, कबूल. तो केव्हाच पुसला.

$ € £ चं काय ते कुणीच बोललं नाही.

---

खिळेजुळव्या

घाला. रिकामी चौकट सोडलीत तर सॉफ्टवेअर दुसऱ्या फॉन्टमधला डॉलर आणून बसवेल आणि मग तुमचा तो गोळ्यांतला खिळा परत येईल. पण यादी वाढवत बसू नका. $ € £ ¥ ¢ पुरे.

---

रेघोट्या

युरोबद्दल एकच. युरोपीय आयोगाने € ची नेमकी भौमितिक रचना दिली होती, कोन-बिन सगळं. अक्षर काढणाऱ्यांनी ती बाजूला ठेवून आपापल्या फॉन्टच्या वळणाचा युरो काढला, आणि आज सगळीकडे तसेच दिसतात. तुम्हीही आत्यांच्या हातचा काढा. इंग्रजी सी त्या कसा काढतात ते बघून घ्या.

---

वेलांटी

काल परत गेले होते, डॉलर-युरो काढून घ्यायला. डॉलरला ती आधी दोन उभ्या रेघा द्यायची, मग म्हणाली एक पुरे. युरो तिला आवडला. "हा आपल्या रुपयासारखाच, दोन रेघांचा," म्हणाली आणि त्याच्याही रेघा शेवटी दिल्या, चढत्या.

सोबत छापून नेलेलं चाचणीचं पान दाखवलं. पानभर रकमा, ₹१,११,१११ पासून ₹९,९९,९९९ पर्यंत. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग बोट ठेवून म्हणाली, "आकडे माझे आहेत. हा रुपया मात्र मी जरा वर काढते."

तिचं पान आणि माझं पान शेजारी ठेवून मोजलं. तिचा ₹ आकड्यांच्या तळापेक्षा खरंच वर बसतो, सगळ्या ओळींत, साधारण ३० एककं. स्कॅन सरळ करताना मीच तो खाली ओढला होता.

सरकवतेय. फाइल उद्या टाकते.

---

खिळेजुळव्या

तळ आकड्यांचा ठेवा म्हणालो होतो, ते परत घेतो.